सर्जापूर रोडवरची इटली



या व्याख्यानमालेत माझी ही तिसरी खेप. पहिल्या दोन वेळा मी लढायांवर बोललो. या वेळी संयोजकांचा फोन आला, "कर्नलसाहेब, आता कोणती लढाई?" मी म्हटलं, "या वेळी एका जेवणावर बोलतो." त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मी चेष्टा करत नव्हतो. त्या जेवणात मी एक लढाई हरलो. शत्रू समोर नव्हताच, चूक माझीच होती. ती सांगायला आज तुमच्यासमोर बसलोय.

ज्यांनी मला आधी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. मी साताऱ्याचा, कोरेगाव तालुक्यातला. पदवी घेतली, १९८२ साली कमिशन मिळालं, मराठा लाइट इन्फन्ट्रीत बत्तीस वर्षं काढली आणि कर्नल म्हणून घरी आलो. आता मी आणि आमच्या सौ. साताऱ्यात असतो. मुलगा, सून आणि सात वर्षांची नात बंगळूरला, सर्जापूर रोडवर.

बंगळूरला जे मराठी लोक आहेत त्यांना हा रस्ता सांगायला नको. इंदूर, बडोदा, हैदराबादला बसून जे ऐकताहेत त्यांच्यासाठी सांगतो. एकेकाळी हा शेतांमधून आणि तळ्यांमधून सर्जापूर गावाकडे जाणारा रस्ता होता. आता इब्लूरच्या चौकापासून पुढे दोन्ही बाजूंना वीस-वीस मजले. दोड्डकन्नेल्लीला विप्रोचं मुख्यालय. कैकोंड्रहळ्ळीचं तळं अजून आहे, सकाळी तिथे फिरायला जायला छान वाटतं. बाकी सगळीकडे गाड्या आणि पाण्याचे टँकर. सोळाव्या शतकात केंपेगौडांनी वसवलेलं हे बंगळूर १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेनं घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांना जहागीर मिळालं. म्हणजे आपण मराठी माणसं इथे काल-परवा कॉम्प्युटर घेऊन आलो असं समजू नका. आपला मुक्काम जुना आहे.

तर गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. शनिवारी मुलगा म्हणाला, "बाबा, आज बाहेर जेवायला जाऊ. मी टेबल बुक केलंय. इटालियन आहे."

मी म्हटलं, "घरी भाकरी नाही का?"

तो हसला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

संध्याकाळी निघालो. पाच किलोमीटरला पंचावन्न मिनिटं लागली. पाठीवर सगळं सामान घेऊन आमची पलटण याच्या पुढे पोचली असती. हेही मी गाडीत मोठ्यानं बोललो. सून गाडी चालवत होती, ती बिचारी काही बोलली नाही.

हॉटेलचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. तशी आता मोठ्या शहरांत बरीच आहेत. उंच छत, गिलावा न केलेल्या विटांच्या भिंती, वरून लोंबणारे पिवळे दिवे, कुंड्यांत लिंबाची झाडं. गिलाव्याचे पैसे वाचवले आणि ते आपल्याकडून घेणार, असं मी सौ.च्या कानात सांगितलं. उजेड इतका मंद की मला सीमेवरचा ब्लॅकआउट आठवला. मेनू कागदावर नव्हता. टेबलावर एक काळा-पांढरा चौकोन होता, त्याचा मोबाईलवर फोटो घ्यायचा आणि यादी वाचायची. समोर मात्र एक गोष्ट मला एकदम आवडली. स्वयंपाकघर उघडं होतं. काचेपलीकडे लाकडावर चालणारी घुमटाची भट्टी आणि चार पोरं शिस्तीत काम करणारी. लंगर असा पाहिजे. जेवणाऱ्याला दिसला पाहिजे.

त्या भट्टीबद्दल थोडं सांगतो, कारण मी उठून बघून आलो. नेपल्स शहरात पिझ्झावाल्यांची एक संघटना आहे, तिनं खऱ्या नेपल्सच्या पिझ्झाचे नियम लिहून ठेवलेत. भट्टी लाकडाची, आच साधारण ४३० ते ४८० अंश सेल्सिअस, आणि पिझ्झा आत राहणार ६० ते ९० सेकंद. बस. घरच्या ओव्हनमध्ये अडीचशेच्या पुढे आच जात नाही, म्हणून घरचा पिझ्झा बिस्किटासारखा होतो. आपल्या चुलीवरची भाकरी आणि गॅसवरची भाकरी यांत जो फरक, तोच. कडेला काळे फोड आले की समजायचं भट्टी नीट तापली आहे. आमच्या सौ. म्हणाल्या, "करपलाय." मी म्हटलं, "नाही, भाकरीला पोपडा आलाय असं समज."

वाढायला आलेला पोरगा कालिम्पोंगचा होता. त्यानं आपलं नाव सांगितलं आणि म्हणाला, आज तुमची सेवा मी करणार. माझ्या बसण्यावरून की मिशांवरून कोण जाणे, त्यानं ओळखलं. "सर, आर्मी?" मी मान हलवली. त्याचे मामा गोरखा पलटणीत होते. मग काय, आमची दोस्ती झाली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जेवण. सुरुवातीला बुराटा नावाचं चीज आलं. ते दक्षिण इटलीतल्या पुलिया भागातलं. बाहेर मोझरेलाची पिशवी आणि आत साय आणि चीजचे धागे. सुरी लावली की पिशवी फुटते आणि साय ताटलीभर पसरते. नातीला ती गंमत फार आवडली. सूनबाईंनी सांगितलं की हे ताजं चीज आता विमानानं आणावं लागत नाही, भारतातच होतं. बंगळूरला तर व्हॅलोम्ब्रोसा परंपरेतल्या बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आहे. त्यांच्यातले एक फादर इटलीत शिकून आले आणि मठातच मोझरेला बनवायला लागले. आपल्याकडे देवस्थानात लाडू होतात, तिथे चीज होतं. मला ते पटलं. साधूंनी दूध वाया जाऊ दिलं नाही.

शाकाहारी मंडळींना इथे एक सूचना. खरं पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं बनवतात, इटलीत तसा नियमच आहे. दुसरी चीजं वनस्पतीच्या किंवा प्रयोगशाळेतल्या रेनेटनंही होतात. तेव्हा विचारायला लाजू नका. आमच्या सौ. शनिवारी मांसाहार करत नाहीत, त्यांनी विचारलं, आणि त्या पोरानं आत जाऊन शेफला विचारून नीट उत्तर आणलं.

मग पास्ता आला. कानाच्या पाळीएवढे, मध्ये अंगठ्यानं दाबलेले छोटे छोटे तुकडे. त्याला ओरेकिएत्ते म्हणतात, त्याचा अर्थच मुळी छोटे कान. सौ.नी एक काट्यावर घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "अहो, ह्या तर नखुल्या!"

सगळे हसले, पण त्या बरोबर होत्या. ज्यांच्या घरी लग्नाआधी बायका अंगणात बसून गव्हले, नखुल्या, मालत्या, शेवया वळायच्या, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पुलियातल्या बायकाही गल्लीत टेबल टाकून बसतात आणि हातानं हेच करतात. पीठ रव्याचं, पाणी, मीठ आणि अंगठा. फरक एवढाच की आपण त्याची खीर केली आणि त्यांनी त्याला टोमॅटो लावला. आणि तो टोमॅटोही त्यांचा नाही. टोमॅटो, मिरची, बटाटा, मका हे सगळं अमेरिका खंडातून आलं, कोलंबसानंतर. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी इटलीत टोमॅटो नव्हता आणि सातारी ठेच्यात मिरची नव्हती. लोक काय खात असतील, देवच जाणे.

गव्हाची गोष्ट तर याहून जवळची. सातारा, सांगली, बेळगाव या पट्ट्यात आपल्याकडे खपली गहू होतो. पुरणपोळीला, लापशीला, खिरीला तोच लागतो. इटलीत त्याच जातीच्या गव्हाला फार्रो म्हणतात. जुन्या काळी रोमन लोक त्याचीच पेज खायचे, त्यांचे शिपाईसुद्धा. पास्ता नंतर आला. म्हणजे आमच्या कोरेगावच्या आणि रोमच्या शिपायाचा शिधा एकच. मी हे सांगितल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही इथे रोज आणायला हवेत." तेव्हा तो खुशीत होता. मीही होतो.

एक तक्रार मात्र सौ.नी केली. "हे जरा कच्चं राहिलंय." पास्ता त्यांच्याकडे पूर्ण मऊ करत नाहीत, दाताला लागेल इतपतच शिजवतात. आपल्याला मऊ भाताची सवय. ज्यांना दातांचा त्रास आहे त्यांनी आधीच सांगावं, जास्त शिजवून मिळतो. शेफला राग आला तर येऊ द्या, दात आपले आहेत.

मग मी यादीत एक नाव पाहिलं आणि थांबलो. पोलेंटा.

पोलेंटा म्हणजे मक्याचं भरड पीठ पाण्यात घोटून केलेला पिवळा घाटा. उत्तर इटलीतल्या गरिबांचं रोजचं अन्न. इथे ते मशरूम घालून, वर तेलाची धार सोडून, पाचशेच्या वर किंमत लावून ठेवलं होतं. मी म्हटलं, "हे आण."

नातीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही इटलीला गेला होता?"

मी नाही. माझे आजोबा गेले होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

हे अनेक मराठी घरांत घडलंय, पण आपण ते फारसं बोलत नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजन इटलीत लढल्या. पन्नास हजारांहून जास्त भारतीय सैनिक. ५,७८२ परत आले नाहीत. इटलीच्या लढाईत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले ६ भारतीयांचे. आणि त्या सहांपैकी दोन आपल्या मराठा पलटणींतले.

पहिले नाईक यशवंत घाडगे. माणगावजवळच्या पळसगावचे, वय फक्त २२. १० जुलै १९४४, वरच्या टायबर नदीचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे त्या गनवर धावून गेले. आधी ग्रेनेड, मग टॉमीगन, आणि गोळ्या भरायला वेळ उरला नाही तेव्हा बंदुकीचा दस्ता. पोस्ट घेतली आणि शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच पडले. दुसरे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. दोन जखमींना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांतून उचलून आणलं, मग हाताला गोळी लागलेली असताना मशीनगनच्या पोस्ट उडवल्या, आणि नदीच्या बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत मागच्या कंपनीला पुढे बोलावलं. ते मात्र परत आले.

माझे आबा जाधवांच्याच बटालियनमध्ये, पहिल्या मराठात, वेगळ्या कंपनीत होते. त्यांना पदक नाही, शौर्याची गोष्ट नाही. ते लढाईबद्दल कधी बोलायचेच नाहीत. इटलीबद्दल विचारलं की एकच गोष्ट सांगायचे, आणि ती जेवणाची होती.

४४ सालचा हिवाळा, आपेनाईन डोंगर. पाऊस, चिखल, वर बर्फ. आबा आणि त्यांचा जोडीदार निरोप घेऊन जात असताना वाट चुकले आणि एका पडक्या घरापाशी आले. आत एक म्हातारी. काळे कपडे, डोक्याला फडकं. आबा म्हणायचे, "आपली आक्काच बसलीय असं वाटलं." यांना बघून ती आधी घाबरली. मग तिनं विचारलं, "इंडिया?" आबांनी मान डोलावली. म्हातारी रडायला लागली. काहीतरी बोलत होती, त्यातला एकच शब्द यांना कळत होता. इंडिया, इंडिया. मग तिनं चुलीवरचं भांडं उतरवलं आणि लाकडी पाटावर पिवळा गोळा ओतला. सुतानं कापला. दोन तुकडे यांच्यापुढे, एक लहानसा स्वतःला. वर काही नाही, मीठही जेमतेम.

आबा म्हणायचे, "आपल्या ज्वारीच्या कण्याच रं. पण पिवळ्या."

घरात दुसरं काही खायला नव्हतं हे त्यांना दिसत होतं. आबांनी पिशवीतल्या चपात्या आणि दुधाचा एक डबा तिच्यापुढे ठेवला, आणि तिनं वाढलेलं सगळं खाल्लं. पलटणीत परत आल्यावर इटालियन येणाऱ्या एका साहेबानं त्यांना त्या शब्दांचा अर्थ सांगितला. फील्यो म्हणजे मुलगा. प्रिजोन्येरो म्हणजे कैदी. त्या म्हातारीचा मुलगा हिंदुस्थानात कैदेत होता.

हे खरं असणं अगदी शक्य आहे. १९४० च्या डिसेंबरपासून उत्तर आफ्रिकेत इटालियन सैन्य हजारोंनी शरण आलं, आणि इंग्रजांनी त्या कैद्यांना जहाजांतून इथे आणलं. छावण्या होत्या डेहराडूनला, कांगड्यातल्या योलला, भोपाळला, रामगडला. आणि बंगळूरला. म्हणजे बंगळुरात इटालियन माणूस पहिल्यांदा पोटभर जेवला असेल तर तो काटेरी तारेच्या आत, आणि त्याच सुमाराला आमची कोरेगावची माणसं त्याच्या आईच्या हातचं खात होती. म्हातारीचा मुलगा बंगळूरला होता की योलला, तो घरी पोचला की नाही, आबांना कधी कळलं नाही.

गोष्ट संपवताना आबा नेहमी एक वाक्य म्हणायचे. "पाव्हण्यानं ताटाकडं बघून किंमत करायची नाय. वाढणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं."

हे सगळं मी त्या टेबलावर सांगितलं. चांगलं रंगवून सांगितलं. नात खुर्चीवर गुडघे टेकून ऐकत होती. कालिम्पोंगचा पोरगाही पाण्याची बाटली घेऊन उभा होता, त्याला हिंदीत थोडं सांगितलं. मोंटोनेची गोष्ट सांगितली. पेरुज्याजवळच्या मोंटोने या छोट्या गावानं जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडग्यांच्या नावानं स्मारक उभारलं. ते स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ आहे, त्याच्यावरच्या वचनाचा अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. हे सांगताना माझा आवाज भरून आला. सूनबाईंनी डोळे पुसले. पोलेंटा आला, मी पहिला घास घेतला. खरंच कण्या होत्या. मऊ, तुपट, शहाण्या झालेल्या कण्या.

आणि मग बिल आलं.

आठ हजार सहाशे चाळीस रुपये. पाच माणसं, त्यातलं एक सात वर्षांचं.

मुलानं कार्ड काढलं. मी त्याच्या हातातून बिल घेतलं, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. बुराटा एवढ्याला? पाण्याच्या बाटलीचे एवढे? मग खाली सेवाशुल्क दिसलं. मी त्या पोराला विचारलं, "हे काय आहे? हे कायद्यानं आपोआप लावता येत नाही, ठाऊक आहे का?" मुद्दा बरोबर होता. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश दिले आहेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरले. पाच टक्के जीएसटी द्यावाच लागतो, सेवाशुल्क ऐच्छिक. पण मी ते ज्या आवाजात विचारलं तो परेड ग्राउंडचा आवाज होता. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. ज्या पोरानं तासभर मला सर, सर केलं, त्याची मान खाली गेली. बिल त्यानं छापलं नव्हतं. त्यानं निमूटपणे आत जाऊन ती रक्कम कमी करून आणली.

मी तिथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. थांबलो नाही. मुलाकडे वळून म्हणालो, "एवढ्या पैशात गावाकडे एक घर महिनाभर जेवतं. पैसे उधळायला शिकलात तुम्ही लोक."

मुलगा काही बोलला नाही. त्यानं कार्ड दिलं, पिन दाबला. उठताना नातीचा स्वेटर उचलला. परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोललं नाही. मला वाटलं, मी शिस्तीचा धडा दिला.

रात्री अकराला सौ. खोलीत आल्या, दार लावलं आणि म्हणाल्या, "सूनबाईनं सांगितलं. जूनमध्ये त्याची नोकरी गेली होती. चार महिने घरी होता. आता नवीन लागली. काल पहिला पगार झाला."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

त्या म्हणाल्या, "तुम्हाला सांगायचं म्हणजे रिपोर्ट द्यावा लागतो. का गेली, कुणामुळे गेली, पुढचा प्लॅन काय. त्याच्यात तेवढी ताकद नव्हती."

मंडळी, मी दोनशे जवानांची कंपनी सांभाळली, नंतर पलटण सांभाळली. कुठला जवान सुटीवरून परत आल्यावर गप्प आहे, हे मला लंगरमध्ये त्याच्या ताटाकडे बघून कळायचं. जवान अर्धं ताट टाकतोय म्हणजे घरी काहीतरी झालंय, हे आम्हाला सुभेदारसाहेबांनी शिकवलं होतं. आणि स्वतःचा मुलगा जूनपासून फोनवर "सगळं ठीक बाबा" म्हणत होता, ते मला कळलं नाही. त्या संध्याकाळी त्यानं स्वतः काय खाल्लं हेसुद्धा मला आठवेना. पोलेंट्याचा रंग आठवत होता. बिलातली प्रत्येक ओळ आठवत होती. त्याचं तोंड आठवत नव्हतं.

आणखी एक हिशोब त्या रात्री झाला. तो लहान असताना माझी अर्ध्याहून जास्त नोकरी फील्डमध्ये गेली. त्याच्या पहिल्या दहा वाढदिवसांपैकी मी तीन पाहिले. बाकीच्या वाढदिवसांना त्याच्या आईनं त्याला जेवायला नेलं, आणि बापाची खुर्ची रिकामी राहिली. आता बाप समोर बसला, तर त्यानं बिल वाचलं.

सकाळी सहाला मी त्याला उठवलं. आम्ही कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्यावर फिरायला गेलो. थंडी होती, पाण्यावर पक्षी उतरले होते. मला माफी मागायची सवय नाही. लष्करात 'सॉरी सर' म्हणतात, पण ते वर बघून म्हणतात, खाली बघून नाही. अर्धी फेरी झाल्यावर मी म्हटलं, "काल मी चुकलो."

तो म्हणाला, "जाऊ द्या बाबा."

मी म्हटलं, "जाऊ नाही देत. आबांची गोष्ट सांगितली आणि दहा मिनिटांत तिच्यावर थुंकलो."

मग तो बोलायला लागला. जून ते सप्टेंबर. सकाळी नातीला शाळेच्या बसमध्ये बसवून घरी यायचा आणि दिवसभर काय करायचं हे कळायचं नाही. घराचा हप्ता सूनबाईंच्या पगारातून गेला. बाहेरचं जेवण बंद केलं होतं. नातीनं एकदा पिझ्झा मागितला तेव्हा त्यानं घरी पोळीवर चीज टाकून दिलं. तेव्हाच त्यानं ठरवलं होतं की नोकरी लागली की पहिल्या पगारात सगळ्यांना तिथे न्यायचं, आई-बाबांनाही. मी काही विचारलं नाही. प्लॅन विचारला नाही. तळ्याच्या अडीच फेऱ्या ऐकत राहिलो. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात कठीण मौन होतं.

शेवटी त्यानं विचारलं, "पोलेंटा खरंच आबा म्हणायचे तसा होता का?"

मी म्हटलं, "तूप जास्त होतं. बाकी तसाच."

त्या संध्याकाळी आम्ही परत त्या हॉटेलात गेलो, मी आणि तो, दोघंच. जेवायला नाही, कॉफी प्यायला. तो कालिम्पोंगचा पोरगा ड्यूटीवर होता. मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, "बेटा, काल कायदा बरोबर होता, आवाज चुकला." तो लाजला. म्हणाला, "मामा पण असेच ओरडतात, सर." जाताना त्याच्या हातात मी वेगळे पैसे ठेवले. बिलात येणाऱ्या शुल्कातलं वाढणाऱ्या पोराच्या हातात किती पडतं हे आपल्याला दिसत नाही. हातात दिलेलं दिसतं.

तुमच्यापैकी बरेच जण माझ्या वयाचे आहेत. मुलं बंगळूरला, पुण्याला, दुबईला, अमेरिकेत. ती आपल्याला अशा ठिकाणी नेतात आणि आपण भाव वाचतो. मेसचे काटे-चमचे मला कोणी शिकवायला नकोत, बाहेरून आत वापरत जायचं, प्रमुख पाहुण्यानं सुरुवात केल्याशिवाय हात लावायचा नाही. हे सगळं मला येत होतं. जे येत नव्हतं ते आबांनी लाकडी पाटावर शिकून घेतलं होतं.

म्हणून दोन-चार साध्या गोष्टी सांगतो. किंमत बघायची असेल तर मागवताना बघा, खाल्ल्यावर नाही. सेवाशुल्क द्यायचं नसेल तर शांतपणे सांगा, तुमचा हक्क आहे, पण समोरचा पोरगा मालक नसतो. पाच माणसांत पाच पदार्थ मागवू नका, तीन मागवा आणि वाटून खा, इटालियन घरांतही ताटं मध्येच ठेवतात. पास्ता मऊ हवा असेल तर आधी सांगा. आणि मुलानं टेबल बुक केलं असेल, तर आज काय विशेष आहे, एवढं एकदा विचारा. मी विचारलं नाही.

परत येताना सौ.नी सूनबाईंना नखुल्या वळायला शिकवल्या. कोरेगावहून मी पाच किलो खपली पाठवली. मागच्या आठवड्यात नातीचा व्हिडिओ कॉल आला होता. तिनं पोळपाटावर दहा-बारा वाकड्यातिकड्या नखुल्या मांडल्या होत्या आणि विचारत होती, "आजोबा, याची किंमत किती लावू?"

मी चष्मा काढून ठेवला आणि म्हटलं, "आधी तुझं तोंड दाखव."

जय हिंद.